८०० युरोंच्या जोडातले सुभाषनगरला किती?

श्रीमंतानं हात सैल सोडला की चार घरांची चूल पेटते, असं कोल्हापुरात सर्रास बोललं जातं. सराफांच्या गुजरीत बोलतात, मांडववाल्याकडे बोलतात, शिरोली एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवरही बोलतात. त्याच टपरीवर दुसरा कुणीतरी म्हणतो, त्यांचा पैसा त्यांच्यातच फिरतो, आपल्या वाट्याला काय? दोघंही अंदाजानं बोलत असतात. बड्या माणसाच्या खर्चातले किती रुपये कुणाच्या हातात पडले, हे बाहेरून दिसत नाही आणि तो सांगत नाही.

इटलीच्या प्राडा या महागड्या फॅशन कंपनीच्या कोल्हापुरी चपलेचं प्रकरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं. विकत घेणारे जगातले श्रीमंत, वस्तू आपल्या ओळखीची, किंमत जाहीर, नगांची संख्याही जाहीर. वर्तमानपत्रांतून त्यावर अस्मितेची भरपूर चर्चा झाली. हिशेब कुणी फारसा मांडला नाही, तो इथं मांडून बघतो.

घडलं काय

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेलांच्या पायात जे होतं त्याला कंपनीनं ‘चामड्याची सपाट सँडल’ एवढंच म्हटलं होतं. अंगठा, पट्टा, कानवळी बघून कोल्हापूरकरांना वेगळं सांगायची गरज नव्हती. फोटो फिरले, संताप झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र लिहिलं. या सँडलमागची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची आहे, हे कंपनीनं उत्तरात मान्य केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि फेटाळली गेली. न्यायालयाचा मुद्दा साधा होता: कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) आहे, तर दाद मागायचा हक्क त्या मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाचा. हे मानांकन २०१९ पासून आहे, आठ जिल्ह्यांना मिळून आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मालकी दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांची, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. कारागीर कागदावर मालक नाही. ही गोष्ट पुढं लागणार आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं या दोन महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्यांत मिळून २,००० जोड तयार करायचे, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो, विक्री फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन करायचा बेत. नाव ‘मेड इन इंडिया, कोल्हापुरी चपलांपासून प्रेरित’ अशा अर्थाचं. सोबत कारागिरांच्या प्रशिक्षणाचा तीन वर्षांचा कार्यक्रम, काहींना थोड्या काळासाठी इटलीतल्या प्राडाच्या अकादमीत नेण्याचीही तरतूद. भारतात कारखाना काढायचा बेत नाही, हेही कंपनीनं सांगून टाकलं.

एका जोडाचा हिशेब

युरोचा भाव १०५ रुपये धरला तर ८०० युरो म्हणजे ८४,००० रुपये. २,००० जोड म्हणजे १६ लाख युरो, आपल्या पैशात १६ कोटी ८० लाख. हा आकडा ऐकला की कोल्हापुरातल्या चप्पल कारागिरांच्या वस्तीचं, सुभाषनगरचं नशीब उघडलं असं वाटतं. तिथंच थांबून आत बघायला हवं.

या ८०० तला पहिला वाटा सरकारचा. इटलीत विक्रीवर २२ टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि तो छापील किमतीतच असतो. तो वजा जाता दुकानाच्या हाती सुमारे ६५६ युरो उरतात. आता कंपनीचा ढोबळ नफा. प्राडा समूहाच्या २०२४ च्या हिशेबांत तो विक्रीच्या जवळजवळ ८० टक्के होता. म्हणजे १०० युरोंची वस्तू विकली तर ती तयार करायला सरासरी २० युरो लागले. बाकीच्या ८० मध्ये दुकानांची भाडी, जाहिराती, डिझायनर, पगार आणि नफा. हीच सरासरी या चपलेला लावली तर तयार करण्याचा खर्च साधारण १३१ युरो, म्हणजे पावणेचौदा हजार रुपये. या एका जोडाचा प्रत्यक्ष खर्च वेगळा असू शकतो. पण चढ्या किमतीच्या फॅशनचा धंदा असाच चालतो, तेव्हा अंदाज फार लांबचा नसावा.

या पावणेचौदा हजारांत कातडं, मजुरी, तपासणी, खोकं, कापडी पिशवी, वाहतूक, विमा आणि मधल्या यंत्रणेचा खर्च सगळं आलं. मजुरी उदारपणे पाच हजार धरू. सुभाषनगरच्या आजच्या मानानं ही चांगलीच रक्कम आहे. २,००० जोडांची मजुरी झाली एक कोटी. १६ कोटी ८० लाखांतले एक कोटी, म्हणजे रुपयाला सहा पैसे. आणि तेही दोन राज्यांत वाटून.

काम किती जणांना

हा जोड बनतो कसा ते आधी बघू, नाहीतर ‘रोजगार’ हा शब्द हवेत राहतो.

सुभाषनगरात बऱ्याच ठिकाणी घराच्या पुढच्या खोलीतच काम चालतं. भिजवून मऊ केलेलं म्हशीचं कातडं पाटावर पसरायचं, त्यावर फर्मा ठेवायचा आणि रापीनं तळ कापायचा. थरांवर थर ठेवून ते ठोकायचे. आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायचं, खिळ्याचं काम नाही. कानवळी तळाच्या थरांमध्ये दोन्ही बाजूंनी बसतात, मग त्यांतून पट्टा, मग अंगठा. पट्ट्यावरची वेणी मात्र बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातची असते. शेळीच्या पातळ कातड्याच्या बारीक पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात घट्ट धरलेलं, आणि बोटं इतकी सराईत की ती शेजारणीशी बोलताना खाली बघतही नाही. वेणी एकसारखी आली तर जोड उठून दिसतो, एक पेड सैल पडला तर सगळ्या पट्ट्याला बाक येतो.

या बाईला वेगळी मजुरी मिळतेच असं नाही. मजुरी जोडावर ठरते, ती पुरुषाच्या हातात पडते आणि वेणी ‘घरचंच काम’ म्हणून त्यात धरली जाते. म्हणून चपलेच्या धंद्यातली रोजगाराची मोजणी जपूनच वाचावी. एका मजुरीमागे दोन माणसं असतात आणि गणतीत एकच येतं.

आता आकडा. प्राडाच्या दर्जाचा जोड म्हणून सगळं धरून तीन माणूस-दिवस लावू. २,००० जोडांना ६,००० दिवस झाले. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २० माणसांचं वर्षभराचं काम. आठ जिल्ह्यांत मिळून वीस माणसं. एकट्या सुभाषनगरच्या एका गल्लीत याहून जास्त हात या कामात असतील.

तुलनेसाठी दुसरी बाजू घेऊ. तेच १६ कोटी ८० लाख रुपये साध्या गिऱ्हाइकांनी शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत, १,५०० रुपयांच्या हातबनावटीच्या चपलांवर खर्च केले असते तर १ लाख १२ हजार जोड विकले गेले असते. जोडाला एकच माणूस-दिवस धरला तरी पावणेचारशे लोकांचं वर्षभराचं काम. रक्कम तीच, रोजगार अठरा-एकोणीस पट.

इथं बरेच जण टाळी वाजवून थांबतील. मी थांबत नाही, कारण या तुलनेत एक खोट आहे. मिलानच्या गिऱ्हाइकाच्या खिशातले ८०० युरो कधीच चप्पल लाइनीत येणार नव्हते. इटलीतल्या इतर चपलेवर ते गेले असते, किंवा घड्याळावर, किंवा बँकेत पडून राहिले असते. आपल्याकडे त्यामुळे वीस विरुद्ध पावणेचारशे असा प्रश्न नाही, शून्य विरुद्ध वीस असा आहे. वीस हे शून्यापेक्षा नक्कीच जास्त. पण कोट्यवधींची विक्री म्हणजे हजारोंना काम, हे समीकरण लावून कुणी हारतुरे स्वीकारत असेल तर त्याला हा हिशेब दाखवावा.

दर आणि दिवस

या प्रकरणात श्रीमंतांच्या खर्चाची खरी ताकद मला दिसते ती मजुरीच्या दरात. पाच हजार मजुरी आणि तीन दिवस, म्हणजे रोज १,६६७ रुपये. साध्या जोडात दिवसाला त्याच्या निम्मेही हाती लागत नाहीत, आणि पावसाळ्यात तर गिऱ्हाईकच नसतं. कारागिराचा मुलगा रापी हातात घेत नाही यामागं जातीच्या कामाची लाज आहेच, पण हिशेबही आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत, मॉलमध्ये, डिलिव्हरीच्या गाडीवर महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. बापाला मात्र व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते आणि ती फेडण्यातच हंगाम जातो.

दिवसाला दीड हजार सुटणारं काम वर्षभर मिळालं तर हा मुलगा थांबेल का? माझ्या मते थांबेल, निदान विचार तरी करेल. मग वीस जणांचं काम हे वीस मजूर राहत नाही. त्यांच्याकडून शिकणारी पुढची पिढी उभी राहते. कमी लोकांना पण चांगला दाम देणारं काम आणि जास्त लोकांना पण अर्धपोटी ठेवणारं काम, यांतलं कुठलं बरं हे गावाच्या परिस्थितीवर ठरतं. जिथं कसबच संपत चाललंय तिथं पहिल्याची गरज जास्त. म्हणूनच माझ्या हिशेबातली पाच हजारांची मजुरी खरोखर कराराच्या कागदावर आहे की नाही, यावर सगळं प्रकरण उभं आहे. कारागिरांना योग्य मोबदला देऊ असं कंपनीनं म्हटलंय. योग्य म्हणजे किती, हा आकडा मात्र ८०० युरोंसारखा जाहीर झाला पाहिजे.

जवळचं एक उदाहरण देतो. कोल्हापुरातल्या एखाद्या कारखानदारानं कारागिराला घरी बोलावून, पायाचं माप देऊन, ४,००० रुपयांची कापशी चप्पल करून घेतली. कातड्याचे हजार धरा, उरलेले तीन हजार कारागिराचे. ८४ हजारांचा जोड २१ पट महाग, पण कारागिराच्या हातात मात्र दुप्पटही फरक नाही. मधला कुणी नसला की लहान श्रीमंतसुद्धा मोठं काम करतो. अशी गिऱ्हाइकं पूर्वी कोल्हापुरात भरपूर होती, करकर वाजणारी कापशी ही मोठ्या माणसाची खूण असायची. आज त्याच घरातला मुलगा पुण्याच्या मॉलमधून परदेशी बूट आणतो आणि कोल्हापुरी फक्त फेट्यासोबत, लग्नातल्या फोटोपुरती घालतो. मिलानवर रागावताना हेही आठवलं असतं तर बरं झालं असतं.

गावात फिरणारा पैसा

मजुरीचा रुपया एकदाच खर्च होत नाही. कारागीर लक्ष्मीपुरीत किराणा भरतो, मुलाची फी भरतो, डॉक्टरला देतो, भिशीत टाकतो. किराणावाला त्यातून हमालाला, रिक्षावाल्याला, दूधवाल्याला देतो. दर फेऱ्यात निम्मा पैसा गावात राहतो आणि निम्मा बाहेर जातो असं धरलं, तर एक कोटी मजुरीतून गावात एकूण दोन कोटींची उलाढाल होते. गरीब माणूस मिळालेल्या पैशातला मोठा भाग लगेच आणि जवळपासच खर्च करतो, त्यामुळे त्याच्या हातात पडलेला रुपया गावाला जास्त उपयोगी पडतो. तोच रुपया नफा म्हणून मिलानला राहिला की तो तिथल्या भाड्यात, तिथल्या पगारात आणि भागधारकांच्या खात्यात फिरतो. यात लबाडी नाही. पैसा ज्याच्या हातात असतो त्याच्या गल्लीत तो खर्च होतो.

गळती आपल्याकडेही आहे आणि ती इटलीच्या आधीपासून आहे. एकेकाळी कातडं इथंच कमावलं जायचं. ढोर समाजाचे लोक बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते काम करायचे, त्याला आठवडेच्या आठवडे लागायचे. आता बरंच कमावलेलं कातडं चेन्नईच्या बाजूनं येतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलापर्यंत वाढला, तेव्हापासून कातड्याचा पुरवठा आणखी आवळला. म्हणजे जोडातला कातड्याचा पैसा शिवण घालण्याआधीच तमिळनाडूला गेलेला असतो. प्रशिक्षणावर जो खर्च होणार आहे त्यातला थोडा जरी कातडं कमावण्याच्या कामाकडे वळला, तर माझ्या मते इटलीच्या सहलीपेक्षा कोल्हापूरला त्याचा फायदा जास्त होईल. कारागिरानं मिलान बघू नये असं मी म्हणत नाही. जरूर बघावं, आणि तिथल्या दुकानात आपला जोड कितीला विकला जातो हेही बघून यावं.

राजवाड्याचा दगड, राजाचा चहा

श्रीमंतांचा पैसा इटलीकडे जाणं कोल्हापूरला नवं नाही. रंकाळ्याच्या काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला, आठ लाख रुपये खर्चून. त्याला काळा दगड आणि इटालियन संगमरवर वापरला. संगमरवराचा पैसा समुद्रापार गेला. काळ्या दगडाचा पैसा पाथरवटांच्या, गाडीवानांच्या, गवंड्यांच्या घरी गेला. इमारत एकच, पण खर्चाचे हे दोन भाग गावाला सारखे नव्हते. आजही एखाद्या उद्योजकाचा बंगला उभा राहतो तेव्हा ‘किती कोटींचा’ एवढंच विचारलं जातं. त्यात गवंडी-सुताराची मजुरी किती आणि बाहेरून आणलेलं सामान किती हे विचारलं तर जास्त कळेल. लग्नाचंही तेच. मांडव, आचारी, बँड, फुलं कोल्हापुरातली असली तर दहा-बारा दिवस शंभर जणांना काम. लग्न गोव्याच्या रिसॉर्टवर नेलं की इथं उरतात फक्त पत्रिका.

याउलट कधी कधी खर्च अगदी किरकोळ असतो आणि परिणाम मोठा. गंगाराम कांबळे यांची हकिगत कोल्हापुरात माहीत नाही असा माणूस विरळा. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला राजर्षी शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. चहाचे पैसे ते किती असणार? पण राजानं आपली पत त्या दुकानाला लावली आणि दुकानासाठी बाजार उघडला.

प्राडाच्या बाजूनं बोलणारे साधारण हेच म्हणतात. २० जणांचा रोजगार सोडा, ८०० युरो किंमत लागल्यानं कोल्हापुरीची पत वाढली, आता १,५०० चा जोड २,५०० ला मागितला तर गिऱ्हाईक घासाघीस करणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि या प्रकरणाचा सगळ्यात मोठा लाभ झाला तर तो इथूनच होईल. फरक एवढाच की शाहू महाराजांनी आपलं नाव कांबळ्यांच्या दुकानाला दिलं होतं. इथं शेकडो वर्षं घडलेलं कोल्हापूरचं नाव प्राडाच्या दुकानाला मिळालंय. आणि पत वाढल्याचा पहिला फायदा कोण उचलतो? बाहेर यंत्रावर बनलेली, रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ विकणारा. त्याच्याकडे माल तयार असतो, भांडवल असतं. खरा कारागीर मागणी आली म्हणून एका रात्रीत शंभर जोड शिवू शकत नाही. लिडकॉमनं चपलेवर क्यूआर कोड लावायची योजना जाहीर केली आहे, कुठं आणि कुणी बनवली ते गिऱ्हाइकाला फोनवर दिसावं म्हणून. चप्पल लाइनीतल्या शेवटच्या दुकानापर्यंत ती पोचली तर या फायद्यातला काही वाटा तरी योग्य घरी जाईल.

एक आडमुद्दा कराचा. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महागड्यांवर १८ टक्के. म्हणजे नोंदणी असलेल्या दुकानात २,५०० चा जोड २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. साहजिकच दुकानदार कारागिराला अडीच हजारांच्या आत बसवायला सांगणार. हातानं केलेला बारीक कामाचा जोड अशानं वर जातच नाही. श्रीमंत माणूस तेवढ्या करानं गरीब होणार नाही, हे खरं. पण तो खरेदी टाळू शकतो आणि कारागीर काम टाळू शकत नाही. अमेरिकेनं १९९१ पासून एक लाख डॉलरच्या वरच्या नौकांवर १० टक्के चैन-कर लावला होता. श्रीमंतांनी नौका घ्यायचं थांबवलं, बोटी बांधणाऱ्या कामगारांची कामं गेली आणि १९९३ मध्ये तो कर मागे घ्यावा लागला.

एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर

या नौकांच्या गोष्टीत प्राडाच्या करारासाठीही इशारा आहे. श्रीमंतांची मागणी लहरी असते. या वर्षी सपाट सँडल, पुढच्या वर्षी दुसरं काही. कोल्हापुरीनं एकदा हे पाहिलंय. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या हिप्पींनी ती पायात घातली, निर्यात जोरात झाली, आणि ती लाट ओसरली तेव्हा कुणाला पत्र लिहून विचारायची सोय नव्हती. तेव्हा निदान गिऱ्हाइकं अनेक होती. या वेळी एकच मोठा खरेदीदार, दोन महामंडळं आणि निवडलेले कारागीर आहेत. कारागिरानं चप्पल लाइनीतली नेहमीची गिऱ्हाइकं सोडून सगळं लक्ष इकडं दिलं आणि पुढची ऑर्डर आलीच नाही, तर तो पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात उचल मागायला उभा, तोही आधीपेक्षा कमकुवत होऊन.

दुसरी काळजी नाकारलेल्या मालाची. एवढ्या किमतीच्या वस्तूत तपासणी कडक असणार. कातडं नैसर्गिक आहे, एखाद्या ठिकाणी छटा बदलते, वेणीत केसाइतका फरक पडतो. शंभरातले पंधरा जोड बाजूला काढले तर त्यांची मजुरी कुणाच्या अंगावर? कातड्याचे पैसे कुणाचे? आणि त्या जोडांवर प्राडाचं नाव नसेल तर ते चप्पल लाइनीत विकायला परवानगी आहे का, की फाडून टाकायचे? बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या या कलमांवर कारागिराला शेवटी पाच हजार मिळतात की तीन, हे ठरतं.

तिसरी गोष्ट पैसे कधी मिळतात ही. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यानुसार अशा पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं व्हायला हवं. पण त्यासाठी कारागिराची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद लागते, त्याच्या नावाचं बिल लागतं. महामंडळ मध्ये असताना बिल कुणाचं कुणाला निघतं, हे आधी स्पष्ट व्हायला हवं. महिनाभर पैसे अडकले तर कातड्याच्या पुढच्या खरेदीसाठी कर्ज, आणि दीड हजाराच्या रोजातले शे-दोनशे व्याजात.

मानांकनाचा मालक कारागीर नाही, हे सुरुवातीला सांगितलं ते याचसाठी. प्राडाशी बोलणी करायला बसतात ती महामंडळं. त्यांनी कारागिराच्या वतीनं काय मागितलं, हे कारागिराला मराठीत, गल्लीत लावलेल्या कागदावर वाचायला मिळायला हवं. कोल्हापुरातल्या चर्मकार संस्थांनी, चेंबरनं आणि आपल्या नगरसेवकांनी मिलानविरुद्ध मोर्चा काढण्याइतक्याच जोरात चार गोष्टी लिडकॉमला विचाराव्यात: जोडाची मजुरी किती, त्यात वेणीचा वेगळा दर आहे का, नापास मालाचा तोटा कुणाचा, आणि २,००० पैकी किती जोड कोल्हापूर जिल्ह्यात शिवले जाणार. उत्तरं आली की वरचा हिशेब पुन्हा मांडता येईल, आणि पाच हजारांच्या जागी खरा आकडा बसवता येईल.